घाटातले दोन काटे

इंजिनाच्या तब्येतीची खबर देणारे दोन काटे ट्रकच्या केबिनमध्ये असतात: एक ऑइल प्रेशरचा, दुसरा बूस्टचा. ऑइलचा काटा जुन्या गाड्यांत हमखास दिसतो; नव्या गाड्यांत कित्येकदा त्याच्या जागी नुसता लाल दिवा असतो. बूस्टचा काटा कारखान्यातून क्वचितच येतो, हौशी किंवा काळजीवाहू मालक तो गॅरेजमधून बसवून घेतो. मालवणची मासळी कसाल, कणकवलीवरून फोंडा घाट चढून कोल्हापूरला जाते, नाहीतर सावंतवाडीवरून आंबोलीमार्गे बेळगावला. बर्फासकट भरलेली गाडी घाट चढते तेव्हा या दोन काट्यांकडे बघावेच लागते. काटा पडला, तर पहिला प्रश्न एकच: इंजिन बिघडले की काटा?

सुपरचार्जर आणि टर्बो यांचे काम एकच, सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबणे; त्या हवेचा दाब म्हणजे बूस्ट. फरक आहे तो ताकद कुठून घेतात यात. सुपरचार्जर क्रँकवरून पट्ट्याने किंवा गिअरने फिरतो. रूट्स बंधूंनी १८६० मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेला ब्लोअर हा त्याच्या एका प्रमुख जातीचा पूर्वज. टर्बो मात्र वाया जाणाऱ्या धुराच्या झोतावर फिरतो. त्याचे पेटंट १९०५ चे, स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांचे. आपल्याकडच्या डिझेल ट्रकमध्ये जवळजवळ सर्वत्र टर्बोच दिसतो. रेल्वेतले लोक डिझेल लोकोच्या टर्बोला आजही ‘टर्बो सुपरचार्जर’ म्हणतात, त्यामुळे नावांचा गोंधळ होतो. काटा वाचताना हा फरक विसरून चालत नाही. सुपरचार्जरचा बूस्ट इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो. टर्बोचा वाढायला भार लागतो. रिकामा ट्रक सपाट रस्त्यावर पळवून ‘बूस्ट येत नाही’ म्हणणे म्हणजे उन्हात उभे राहून छत्री गळते का ते बघण्यासारखे. टर्बो तपासायचा तर भरलेली गाडी, चढ आणि पूर्ण दाबलेला ॲक्सिलरेटर हवा.

दोन्ही काटे दाब दाखवतात, प्रवाह नव्हे. वाहणाऱ्याला अडथळा झाला की दाब येतो. पंप ऑइल ढकलतो आणि बेअरिंगांच्या बारीक फटी त्याला अडवतात, म्हणून दाब तयार होतो. बेअरिंग झिजून फटी रुंदावल्या की पंप चांगला असूनही काटा खाली येतो. सकाळी थंड इंजिनात ऑइल घट्ट असते, काटा वर असतो. घाट चढून ऑइल तापले, पातळ झाले की काटा थोडा उतरतो. एवढ्याने घाबरायचे कारण नाही. हजार फेऱ्यांमागे सुमारे १० पीएसआय, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास दाब हवा, हा मेकॅनिकांचा ठोकताळा; नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकातूनच घ्यावा.

ऑइलचा काटा शून्यावर आला, तर वाद घालू नये. गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करावे, शोध नंतर. काटा खोटा निघाला तर दहा मिनिटे गेली. खरा असेल आणि गाडी पुढे रेटली, तर क्रँक गेला. बंद केल्यावर थोडा वेळ थांबून सपाट जागी डिपस्टिक बघावी. ऑइल कमी असेल तर उत्तर मिळाले. पातळी वाढलेली आणि वास डिझेलचा असेल, तर ऑइलमध्ये डिझेल उतरले आहे. दुधाळ चहासारखा रंग म्हणजे पाणी.

घाटात काटा स्वतःच बरेच सांगून जातो. वळणावर गाडी कलली की काटा पडतो आणि सरळ रस्त्याला लागताच पुन्हा चढतो, तेव्हा चेंबरमधले ऑइल एका बाजूला सरून पंपाची ऑइल ओढणारी जाळी उघडी पडते आहे. ऑइल कमी आहे आणि काटा खरे बोलतो आहे. हाच काटा वळणावर शांत राहून खड्ड्यागणिक उडत असेल, तर कुठेतरी वायर सैल आहे. ऑइलचा दाब खड्डे ओळखत नाही. हेडलाइट लावताच ऑइल, डिझेल आणि तापमान असे सगळेच काटे एकदम हलले, तर डॅशबोर्डचे अर्थिंग बघावे.

किनाऱ्यावर हा विजेचा भाग जास्त दगा देतो. खारी हवा आहेच, त्यात मासळीच्या गाडीतून गळणारे बर्फाचे खारट पाणी. कनेक्टर उघडला की तांब्यावर हिरवी बुरशीसारखी पूड दिसते. ती घासून काढावी, टोक घट्ट बसवावे, वर ग्रीस लावावे. निम्मे खोटे काटे इथेच सरळ होतात. एकाच वायरचा ऑइल सेन्सर इंजिनाच्या ब्लॉकमधूनच अर्थ घेतो. गळती थांबवायला त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे भरपूर वेढे दिले की तो अर्थच तुटतो आणि चांगल्या सेन्सरवर खापर फुटते.

सेन्सरची वायर काढून काटा बघणे आणि मग ती ब्लॉकला टेकवून पुन्हा बघणे, ही चाचणी सगळे करतात. तिचा अर्थ मात्र सेन्सरच्या जातीवर ठरतो. काही सेन्सरांचा रोध दाब शून्य असताना १० ओहमच्या आसपास असतो आणि दाबाबरोबर १८० पर्यंत चढतो. अमेरिकी पद्धतीत उलटे: शून्याला २४०, पूर्ण दाबाला ३३. पहिल्या जातीत वायर काढली की काटा शेवटापर्यंत चढतो, दुसऱ्या जातीत तळाला जातो. दुकानातून भलत्या जातीचा सेन्सर आला, तर बंद इंजिनावरही काटा पूर्ण दाब दाखवू शकतो. शेवटचा निवाडा साध्या यांत्रिक गेजचा. सेन्सरच्या जागी ते लावावे आणि इंजिन गरम करून आकडा घ्यावा. त्यावरही दाब कमी आला, तर रिलीफ व्हॉल्व्ह, पंप, जाळी आणि मग बेअरिंग अशा क्रमाने बघावे. आधी स्वस्त, मग महाग.

बूस्टच्या बाबतीत घाई नसते, गाडी हळू चालवून गॅरेज गाठता येते. केबिनपर्यंत आलेली बारीक नळी दुमडली, फाटली किंवा तिच्यात पाणी साचले की काटा कमी किंवा उशिरा चढतो. सर्वांत आधी ती नळी पाहावी. इलेक्ट्रॉनिक सेन्सर असेल, तर इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवावी आणि स्कॅनरवर आकडा वाचावा. हा सेन्सर वातावरणाच्या दाबासकट एकूण दाब मोजत असल्यामुळे मालवणच्या धक्क्यावर त्याने सुमारे १.०१ बार दाखवायला हवे आणि सुमारे ६९० मीटर उंचीच्या आंबोलीत ०.९३ च्या आसपास. याहून फार वेगळा आकडा आला तर सेन्सरच चुकतो आहे.

सेन्सर बरोबर, तरीही चढावर गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते आणि बूस्ट चढत नाही, तर हवा कुठेतरी गळते किंवा अडते आहे. इंटरकूलरचे रबरी होज आणि त्यांच्या क्लिपा तपासाव्यात. फट जिथे असेल तिथे तेलकट धुळीचा डाग दिसतो. जांभा वाहणाऱ्या गाड्यांचा एअर फिल्टर खाणीतल्या लाल धुळीने लवकर भरतो, तोही बघावा. सुपरचार्जर असेल आणि फेऱ्या वाढल्यावर बूस्ट वाढण्याऐवजी गळत असेल, तर पट्टा घसरतो आहे. बूस्ट गरजेपेक्षा जास्त चढत असेल, तर टर्बोचा वेस्टगेट अडकला आहे किंवा त्याची नळी निसटली आहे.

दोन्ही काटे एकत्र वाचण्याची गरज टर्बोमुळे पडते. त्याचा दांडा मिनिटाला लाखभर फेऱ्या घेतो आणि इंजिनाच्याच ऑइलवर तरंगतो. ऑइलचा दाब कमी राहिला की काही दिवसांनी शिट्टीसारखा आवाज येतो, निळा धूर दिसतो आणि मग बूस्ट पडतो. अशा वेळी नुसता टर्बो बदलला तर नवाही त्याच वाटेने जातो. घाटमाथ्यावर चहाला थांबताना इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे आयडलवर ठेवतात, ते याच दांड्याच्या बेअरिंगमध्ये ऑइल जळून कोळसा होऊ नये म्हणून.