यवतमाळहून जपानच्या बोन्साय बागांकडे

बोन्साय पाहण्यासाठी जपानला जायचे तर पहिला मुक्काम सैतामा शहरातील ओमिया. १९२३च्या कांतो भूकंपानंतर टोकियोतले बोन्साय व्यावसायिक मोकळी जागा आणि चांगले पाणी शोधत इथे आले, १९२५ मध्ये त्यांचे गाव वसले. २०१० पासून तिथे बोन्साय कला संग्रहालयही आहे. संग्रहालय आणि बहुतेक बागा गुरुवारी बंद असतात. छायाचित्रांवरही अनेक बागांत बंदी आहे.

३ ते ५ मे या दिवसांत ओमियात बोन्साय उत्सव भरतो, पण गर्दी फार. जाणकारांनी फेब्रुवारीच निवडावा. टोकियोच्या उएनो भागात तेव्हा १९३४ पासून चालत आलेले कोकुफू बोन्साय प्रदर्शन असते. पानगळीच्या झाडांची बारीक फांद्यांची जाळी तेव्हाच नीट दिसते. थंडी मात्र कडक असते.

यवतमाळकरांना नागपूरमार्गे दिल्ली किंवा मुंबई गाठून टोकियोचे विमान घ्यावे लागते. तिथून झाड आणण्याचा मोह टाळावा: आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय विमानतळावर ते अडवले जाते. बोन्सायसाठी लागणारी कात्री आणि तांब्याची तार भारतातही मिळते. एवढा खर्च झेपत नसेल, तर जपानमधील ओकायामाच्या कोराकुएन बागेवर बेतलेले पुण्याचे पु. ल. देशपांडे उद्यान पाहावे. बोन्साय नव्हे, पण जपानी उद्यानरचना तिथे समजते.