मेनार्ड हिल आणि त्यांचं पाच किलोचं विमान

वॉशिंग्टनच्या उत्तरेला लागून असलेल्या सिल्व्हर स्प्रिंग इथे ७ जून २०११ रोजी मेनार्ड हिल वारले. वय ८५. छोटी विमानं बनवून उडवणाऱ्यांच्या वर्तुळाबाहेर हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. त्या वर्तुळात मात्र ते अगदी घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखे होते. सहा दशकांहून अधिक काळ हा माणूस बाल्साचं लाकूड कापत, तासत, चिकटवत राहिला. उंचीचे, अंतराचे, वेगाचे, हवेत टिकून राहण्याचे असे मिळून पंचवीस जागतिक विक्रम त्यांच्या नावावर जमा झाले. यातला शेवटचा आणि सर्वांत मोठा पराक्रम त्यांनी सत्याहत्तराव्या वर्षी केला. तेव्हा त्यांची दृष्टी इतकी अधू झाली होती की कायद्याच्या भाषेत ते अंध ठरत, आणि कानांनीही जवळपास साथ सोडली होती.

एरोमॉडेलिंगला पोरखेळ समजणारे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. त्यांनी या छंदाची वंशावळ एकदा पाहावी. १८७१ साली पॅरिसच्या तुइलेरी बागेत आल्फाँस पेनो या तरुणाने पीळ दिलेल्या रबरावर चालणारं एक चिमुकलं विमान सोडलं. ते अकरा सेकंदांत चाळीस मीटर गेलं. कुणीही हात न लावता हवेत स्वतःचा तोल सांभाळणारं हे पहिलं विमान, असं तज्ज्ञ मानतात. पेनोच्याच कल्पनेवर बेतलेलं उडतं खेळणं मिल्टन राइट यांनी १८७८ च्या सुमारास आपल्या दोन मुलांसाठी घरी आणलं. ती मुलं म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल. सॅम्युअल लँगली यांचं वाफेवर चालणारं विनाचालक मॉडेल १८९६ मध्ये पोटोमॅक नदीवरून सुमारे एक किलोमीटर उडालं, तेव्हा माणसाला इंजिनाच्या विमानातून उडायला अजून सात वर्षं होती. पुढे नील आर्मस्ट्राँग लहानपणी मॉडेल्स बनवत. माणसाच्या पायाच्या बळावर उडणारं विमान १९७७ मध्ये यशस्वी करणारे आणि दोन वर्षांनी तशाच विमानाने इंग्लिश खाडी ओलांडून दाखवणारे पॉल मॅक्रेडी हेसुद्धा मुळात मॉडेलवाले.

हिल या परंपरेतले. जन्म १९२६ चा, पेनसिल्व्हेनियातल्या लेहायटन गावचा. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते, नंतर धातुशास्त्र शिकले आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीत नोकरीला लागले. त्याच प्रयोगशाळेत वॉल्टर गुड होते. वॉल्टर आणि त्यांचा भाऊ विल्यम यांनी १९३७ मध्ये 'गफ' नावाचं मॉडेल रेडिओच्या लहरींवर उडवून दाखवलं होतं. आज हातात ट्रान्समीटर धरून मैदानावर उभा असलेला प्रत्येक मुलगा गुड बंधूंचा वारस आहे. ते 'गफ' आज वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियमच्या संग्रहात आहे.

साठच्या दशकात हिल उंचीच्या मागे लागले. रेडिओवर चालणारं विमान फार वर गेलं की दिसेनासं होतं, आणि जे दिसत नाही ते सांभाळायचं कसं, हा त्या काळातला खरा प्रश्न होता. व्हर्जिनियातल्या डालग्रेनच्या नौदल तळावरचे रडार आणि मोठ्या दुर्बिणी मदतीला घेऊन १९७० मध्ये त्यांनी आपलं मॉडेल २६,९९० फुटांवर, म्हणजे सुमारे ८,२०० मीटरवर नेलं. आपल्या कळसूबाईच्या माथ्यावर आणखी चार कळसूबाया रचल्या, तर साधारण तेवढी उंची होते. घरच्या बाकावर बनलेलं विमान तिथे गेलं आणि परत उतरलं.

त्यांचं दुसरं काम या विक्रमाइतकं गाजलं नाही, पण माझ्या मते ते त्यांच्या बुद्धीची खरी ओळख देतं. स्वच्छ हवेच्या दिवशी जमिनीलगतच्या वातावरणात उंचीप्रमाणे विजेचा दाब वाढत जातो, दर मीटरला साधारण शंभर व्होल्ट. विमान एका बाजूला कललं की एक पंख वर जातो, दुसरा खाली, आणि दोन्ही टोकांपाशी हा दाब वेगळा भरतो. तो फरक मोजला तर विमान किती कललंय ते कळतं आणि ते आपोआप सरळ करता येतं. या तत्त्वावर हिल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला स्वयंचालित सुकाणू तयार केलं. धुळीने भरलेल्या आकाशात, वादळी ढगांखाली ते गोंधळे, म्हणून पुढे ते मागे पडलं. पण जायरोस्कोप महाग आणि जड असण्याच्या त्या दिवसांत हवेतल्याच विजेला क्षितिज दाखवायला लावणं ही कल्पना किती देखणी आहे! चालकाविना उडणाऱ्या छोट्या विमानांच्या इतिहासात तिची नोंद राहील.

१९९२ मध्ये त्यांचं एक मॉडेल सलग तेहतीस तासांहून अधिक काळ हवेत राहिलं. तिथूनच त्यांच्या मनात अटलांटिक घोळू लागला असावा. आंतरराष्ट्रीय विमानक्रीडा महासंघाच्या नियमानुसार विक्रमासाठी मॉडेलचं वजन इंधनासकट पाच किलोंच्या आत हवं. या पाच किलोंत इंजिन, पंख, शेपटी, सर्व्हो, बॅटऱ्या, जीपीएसवर चालणारा ऑटोपायलट, उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारा ट्रान्समीटर आणि तीन हजार किलोमीटर पुरेल इतकं इंधन, एवढं सगळं बसवायचं होतं. १९९८ मध्ये 'लाइमा' नावाचं एक एरोसोंड विमान न्यूफाउंडलंडहून स्कॉटलंडला पोचलं होतं, पण त्याचं वजन तेरा किलोंच्या आसपास होतं आणि त्यामागे हवामान संशोधनाचा मोठा प्रकल्प उभा होता. हिल यांच्या मागे होते त्यांच्यासारखेच छंदिष्ट मित्र.

इंजिनाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिथेच ही मोहीम जिंकली गेली. मॉडेल विमानांची नेहमीची ग्लो इंजिनं मिथेनॉलवर चालतात. मिथेनॉलमध्ये वजनाच्या मानाने पेट्रोलच्या जेमतेम निम्मी ऊर्जा असते, त्यामुळे ते ढसाढसा प्यायलं जातं. या हिशेबाने विमान समुद्राच्या मध्यावरसुद्धा पोचलं नसतं. म्हणून हिल यांनी १० सीसीचं एक साधं, दुकानात मिळणारं जपानी चार स्ट्रोकचं इंजिन घेतलं, त्याला ठिणगीची व्यवस्था बसवली आणि ते कोलमन कंदिलाच्या इंधनावर चालवलं. मग कार्ब्युरेटरवर काम सुरू झालं. छिद्र किती बारीक करायचं, वंगण किती घालायचं, दर तासाला किती ग्रॅम इंधन जळतं, याच्या नोंदी, दुरुस्त्या आणि पुन्हा नोंदी. अखेर इंजिन इतक्या काटकसरीने चालू लागलं की दोन किलोंहून थोड्या जास्त इंधनात दीड दिवसाहून जास्त वेळ निघेल अशी आशा वाटू लागली. म्हणजे उड्डाणाच्या क्षणी विमानाचं जवळपास अर्धं वजन इंधनाचंच होतं. बाकीचा सांगाडा बाल्साचा, पंखांचा पसारा सहा फुटांचा.

चाचण्या मेरीलँडमध्ये बीचर बट्स यांच्या शेतावर झाल्या. बट्स यांनी आपलं शेत या मंडळींसाठी मोकळं ठेवलं, त्याची परतफेड म्हणून विमानाला नाव मिळालं 'स्पिरिट ऑफ बट्स फार्म'. एकट्याने अटलांटिक ओलांडणाऱ्या लिंडबर्गच्या १९२७ च्या 'स्पिरिट ऑफ सेंट लुइस' या विमानाची आठवण त्यात आहेच, पण मला त्यातली कृतज्ञता जास्त भावते. लिंडबर्गच्या विमानाचं नाव एका शहरावरून होतं. हिल यांनी आपल्या विमानाला एका शेताचं नाव दिलं.

२००२ च्या ऑगस्टमध्ये तीन विमानं सोडली, तिन्ही गमावली. २००३ च्या ऑगस्टमध्ये चौथं सोडलं, तेही गेलं. एकेका विमानामागे महिनोन् महिन्यांची मेहनत होती. ९ ऑगस्टच्या संध्याकाळी उत्तर अमेरिकेच्या अगदी पूर्व टोकाला, न्यूफाउंडलंडच्या केप स्पिअरवर, हिल यांनी पाचवं विमान स्वतःच्या हाताने हवेत फेकलं. सहकाऱ्याने ट्रान्समीटरवरून ते वर चढवलं, वळवलं आणि ऑटोपायलटच्या स्वाधीन केलं. पुढचा सारा भरवसा उपग्रहाकडून येणाऱ्या आकड्यांवर. मध्ये काही तास ते आकडेही थांबले आणि हेसुद्धा बुडालं, असं सर्वांना वाटलं. मग ते पुन्हा दिसू लागलं.

११ ऑगस्टला आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लिफडेनजवळच्या मॅनिन बीचवर, डेव्ह ब्राउन वाट पाहत उभे होते. ते तेव्हा अमेरिकेच्या अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सचे अध्यक्ष होते, १९३६ मध्ये स्थापन झालेली ही तिथली मॉडेलवाल्यांची मध्यवर्ती संस्था. विमान डोळ्यांच्या टप्प्यात आलं तशी ब्राउन यांनी सूत्रं हातात घेतली आणि ते अलगद उतरवलं. ३८ तास, ५२ मिनिटं, १९ सेकंद. अंतर सुमारे ३,०३० किलोमीटर. टाकीत काही चमचे इंधन शिल्लक होतं. १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राउन (हे ब्राउन वेगळे) या जोडीने विमानातून पहिल्यांदा न थांबता अटलांटिक ओलांडला, तेव्हा त्यांचं विमान उतरलं होतं तेही क्लिफडेनजवळच्याच दलदलीत. समुद्रापलीकडे, न्यूफाउंडलंडमध्ये, हिल यांना फोनवर बातमी कळली तेव्हा त्यांनी पत्नीला मिठी मारली आणि ते रडले.

ज्या माणसाला हवेतलं विमान धड दिसत नव्हतं, त्याला हे कसं जमलं? उत्तर त्यांच्या भोवतीच्या माणसांत आहे. कुणी ऑटोपायलटची आज्ञावली लिहिली, कुणी उपग्रहाची बाजू सांभाळली, कुणी उड्डाणाच्या वेळी त्यांचे डोळे झालं, कुणी आयर्लंडच्या वाऱ्यात किनाऱ्यावर ताटकळलं. पैशासाठी यातलं कुणीच आलं नव्हतं. पन्नास वर्षं हिल यांनी नवख्यांना हातचं न राखता शिकवलं होतं, मासिकांतून आपले आराखडे आणि चुका दोन्ही छापल्या होत्या. म्हातारपणी त्यांना मनुष्यबळ शोधावं लागलं नाही, ते त्यांनी आधीच तयार करून ठेवलं होतं. क्लबमधल्या जुन्या सभासदाचं मोल नेमकं असं असतं.

आपल्याकडेही अशी माणसं आहेत. एनसीसीच्या हवाई शाखेमुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी पहिल्यांदा बाल्सा हातात घेतला आणि हाताने फेकायचा चक ग्लायडर उडवला. वायुसैनिक शिबिरांतल्या स्पर्धांसाठी रात्र रात्र पंखांच्या फासळ्या चिकटवल्या. कंट्रोल लाइनच्या दोन तारांना धरून गोल गोल फिरताना चक्कर येईपर्यंत विमान उडवलं. ईथर, रॉकेल आणि एरंडेलाच्या मिश्रणावर चालणाऱ्या त्या छोट्या डिझेल इंजिनांचा वास ज्यांच्या नाकात बसला आहे, ते आज साठीच्या आणि सत्तरीच्या घरात आहेत. इंजिन सुरू होत नसेल तर नुसत्या आवाजावरून इंधनाची सुई किती फिरवायची ते त्यांना कळतं. हे ज्ञान पुस्तकात सापडत नाही.

आता तयार फोमची विमानं आणि ड्रोन डब्यातून काढले की उडतात. यात वाईट काही नाही; अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं स्पर्धांसाठी आपल्या हातांनी विमानं बनवतात तेव्हा तर फार बरं वाटतं. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोंपर्यंतच्या, शिक्षण, संशोधन वा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेलसाठी वेगळी व्याख्या आहे. त्या व्याख्येत हिल यांचं अटलांटिकपार गेलेलं विमान बसलं नसतं, पण एरवीची मैदानावरची उड्डाणं नक्की बसतात. म्हणजे कायद्याने वाट ठेवली आहे. अडतं ते मैदानापाशी. शहरातलं मोकळं मैदान दर वर्षी आक्रसतं आहे, आणि धावपट्टीइतकी सपाट जागा मिळाली तरी आवाजाची तक्रार येते.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या. ज्यांच्याकडे गावाबाहेर पडीक, सपाट जमीन आहे, त्यांनी रविवारच्या सकाळी दोन तास ती जवळच्या मॉडेलवाल्यांना वापरू द्यावी. बीचर बट्स यांनी एवढंच केलं होतं. आणि तुमच्या ओळखीत एखादे जुने एरोमॉडेलर असतील, तर त्यांच्याकडे जा, त्यांची इंजिनं, आराखडे, वह्या पाहा, ते बोलतील ते लिहून घ्या किंवा मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, आणि सोबत एखादं शाळकरी पोर घेऊन जा.