घोडेस्वारी शिकायचीय? 'वॉक', 'ट्रॉट', 'कँटर' म्हणजे नेमकं काय, पहिल्या दिवसापासून काय सांभाळायचं. वाचा सोप्या भाषेत

सोलापूर : आषाढी वारीत पुरंदावडे, खुडूस, ठाकूरबुवा इथलं गोल रिंगण पाहिलं नाही असा माणूस जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व रिंगणात सुटले की टापांखालची माती कपाळाला लावायला गर्दी होते. दिवाळीच्या सुमारास अकलूजला घोडेबाजार भरतो, तिथं मारवाडी, काठियावाडी, पंजाबी घोडे येतात. हौसेनं घोडं दारात आणणारी घरं माळशिरस, पंढरपूर, माढा, सांगोला या भागांत आहेत. घरात घोडं आलं की पोरं त्यावर बसणारच. पण बसणं वेगळं आणि स्वारी येणं वेगळं.

आता गावाकडची मुलंही शहरातल्या क्लबमध्ये, सैनिकी शाळेत किंवा एनसीसीत घोडेस्वारी शिकायला जातात. तिथं शिक्षण इंग्लिश पद्धतीनं चालतं आणि हुकूमही इंग्रजीत सुटतात. 'हील्स डाऊन', 'शॉर्टन युअर रेन्स' असं ऐकलं की नवखा पोरगा गोंधळतो. खरं तर यातल्या बहुतेक गोष्टींना आपल्याकडं जुने शब्द आहेत. भीमा नदीच्या काठच्या भीमथडी तट्टांवर मराठ्यांचं घोडदळ उभं राहिलं. सरकारी घोड्यावरचा तो बारगीर आणि स्वतःचं घोडं आणणारा तो शिलेदार, ही नावं इथलीच.

सामान : नाव नवं, वस्तू जुनी

सॅडल म्हणजे खोगीर. आपलं जुनं खोगीर गादीसारखं असतं, इंग्लिश सॅडल चामड्याचं, हलकं आणि बसायला थोडं खोलगट. पोटाखालून आवळायचा पट्टा तो गर्थ, म्हणजे तंग. पाय ठेवायची स्टिरप म्हणजे रिकीब. रेन म्हणजे लगामाची दोरी आणि तोंडात असतो तो लोखंडी तुकडा म्हणजे बिट. रोज अंग घासून साफ करणं म्हणजे ग्रूमिंग, आपल्याकडं त्याला खरारा म्हणतात. घोड्याची डावी बाजू 'निअर साइड' आणि उजवी 'ऑफ साइड'.

चढण्याआधी

घोड्याला थेट मागं आणि अगदी कपाळासमोर दिसत नाही. म्हणून मागून गुपचूप जायचं नाही. डाव्या खांद्याच्या बाजूनं, आवाज देत जवळ जायचं. दोरी हाताला गुंडाळायची नाही, घोडं उधळलं तर माणूस फरफटत जातो.

तंग दोनदा तपासायचा. काही घोडी तंग आवळताना पोट फुगवतात आणि चार पावलं चालली की तंग ढिला पडतो. तसंच चढलं तर खोगीर पोटाखाली फिरतं आणि स्वार खाली येतो. रिकिबीची लांबी मोजायला सोपी युक्ती आहे. बोटांची टोकं खोगिरावर रिकिबीचा पट्टा जिथं अडकवलेला असतो तिथं टेकवायची आणि रिकीब काखेपर्यंत पोचते का ते पाहायचं. बसल्यावर थोडा फरक करता येतो.

चढायचं डाव्या बाजूनं. पूर्वी तलवार डाव्या कमरेला असायची, म्हणून ही रीत पडली असं सांगतात. डाव्या हातात लगाम आणि आयाळ धरून डावा पाय रिकिबीत घालायचा, उजवा पाय घोड्याच्या पाठीला न लागता पलीकडं न्यायचा आणि हळू टेकायचं. धपकन बसलं की घोडं बुजतं.

मांड पक्की तर स्वार पक्का

इंग्लिश शिक्षणात 'सीट' हा शब्द सारखा येतो. ती म्हणजे आपली मांड. बाजूनं पाहिलं तर कान, खांदा, कंबर आणि टाच एका सरळ रेषेत दिसली पाहिजे. रिकिबीत पायाचा चवडा ठेवायचा, टाच खाली. यालाच 'हील्स डाऊन' म्हणतात. टाच वर गेली की पाऊल रिकिबीतून आरपार घुसतं आणि पडल्यावर पाय तिथंच अडकतो. घोडेस्वारीत सगळ्यात जास्त भीती याची. म्हणून चप्पल घालून किंवा अनवाणी बसायचं नाही. थोडी टाच असलेला बूट हवा.

लगाम करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधून आत घ्यायचा, अंगठा वर ठेवायचा. लगाम तोल सावरायला नसतो. त्याला लोंबकळलं की बिट तोंडात रुततं, घोडं मान झटकतं किंवा तोंडाला 'कडक' होतं. मग ते पुढं कुणाचंच ऐकत नाही.

घोड्याला सांगायच्या खुणांना 'एड्स' म्हणतात. पाय, बैठक, हात आणि आवाज या चार. चालवायचं असेल तर दोन्ही पोटऱ्यांनी हलका दाब द्यायचा. थांबवायचं असेल तर ताठ, जड बसायचं, मूठ आवळायची आणि घोडं थांबलं की लगेच सैल सोडायची. चाबूक आणि काट्याच्या टाचा नवशिक्यासाठी नाहीत.

चार चाली, टापा मोजून ओळखा

वॉक ही साधी चाल. चार टापा वेगवेगळ्या ऐकू येतात. वेग ताशी सहा-सात किलोमीटर.

ट्रॉट म्हणजे दुडकी. तिरपे दोन पाय एकाच वेळी पडतात, म्हणून दोनच ठोके ऐकू येतात. यात स्वार खूप उडतो. त्यावर उपाय 'रायझिंग ट्रॉट', म्हणजे एका ठोक्याला उठायचं, दुसऱ्याला बसायचं. गोल फिरताना बाहेरच्या बाजूचा पुढचा पाय पुढं गेला की उठायचं आणि तो टेकला की बसायचं. नवशिक्याचे बरेच दिवस इथंच जातात, त्यात लाज वाटायचं कारण नाही.

कँटर ही त्यापुढची दौड, तीन ठोक्यांची. यात 'लीड' महत्त्वाचा. घोडं डावीकडं वळत धावत असेल तर त्याचा डावा पुढचा पाय जास्त पुढं पडला पाहिजे. पाय चुकला तर वळणावर तोल जातो. रिंगण पाहताना अश्वाच्या आतल्या पायाकडं लक्ष द्या, लीड लगेच कळेल.

गॅलप म्हणजे चौखूर उधळणं. चार ठोके, वेग ताशी चाळीसच्या वर. नवशिक्यानं या वाटेला जायचं नाही.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. बाजारात रेवाल चालीच्या घोड्याला मोठा भाव मिळतो. ही चाल मऊ असते, स्वार उडत नाही. बसायला छान, पण अशा घोड्यावर रायझिंग ट्रॉट शिकता येत नाही. नाचकामाला शिकवलेलं घोडंही शिकाऊ पोरासाठी बरं नव्हे. त्याला पाय लागला की ते पुढचे पाय उचलतं. शिकायला वय झालेलं, शांत, रस्त्याला सरावलेलं घोडं बघावं.

पहिले धडे दोरीवर

चांगला शिक्षक पहिल्याच दिवशी लगाम हातात देत नाही. तो मधे उभा राहून लांब दोरीवर घोडं गोल फिरवतो आणि स्वार फक्त मांड शिकतो. याला 'लंज' म्हणतात. गावात मोकळं शेत आणि जाणता माणूस असेल तर हे घरीही जमतं. डांबरी रस्ता, डीजेची वरात आणि फटाके यांच्या जवळ शिकाऊ पोराला घोड्यावर बसवायचंच नाही.

घोडं पळत सुटलं तर ओरडायचं नाही, उडी मारायची नाही. मागं रेलून खोल बसायचं, लगाम ओढ-सोड करायचा आणि जागा असेल तर मोठ्या गोलात वळवायचं. सतत ओढून धरलं की घोडं आणखी जोरात पळतं. पडलोच तर लगाम सोडून द्यायचा.

हनुवटीखाली पट्टा असलेलं स्वारीचं हेल्मेट प्रत्येक वेळी हवं, अंगणात दोन फेऱ्या मारायच्या असल्या तरी. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नये. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. घोडं विकत घेताना पशुवैद्यकाकडून ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याचा कागद मागावा, हा रोग माणसालाही होतो.

पुढं काय?

2023 च्या हांगझोऊ आशियाई खेळांत भारताच्या संघानं ड्रेसाज प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण 1982 नंतर, म्हणजे 41 वर्षांनी आलं. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. ड्रेसाजमध्ये उड्या नसतात, शर्यत नसते. चाल किती स्वच्छ आणि घोडं किती हलक्या खुणेवर ऐकतं, एवढंच पाहतात. म्हणजे पहिल्या महिन्यात शिकवतात तेच, फक्त वर्षानुवर्षं घासलेलं.

घरात घोडं आहे म्हणून पोरगं स्वार होत नाही. आधी खरारा, मग तंग, मग मांड आणि सगळ्यात शेवटी वेग. हा क्रम पाळला तर हाडं शाबूत राहतात आणि घोडंही बिघडत नाही.