ब्राझिलियन जिउ-जित्सू अकादमीची निवड

ब्राझिलियन जिउ-जित्सू अकादमी म्हणजे ब्राझिलियन जिउ-जित्सू या जमिनीवरील झुंजकलेचे नियमित प्रशिक्षण देणारी संस्था होय. या कलेत ठोसे व लाथा नसतात. प्रतिस्पर्ध्याला खाली पाडणे, जमिनीवर त्याच्यावर ताबा मिळवणे आणि सांध्याची कोंडी किंवा गळ्याचा पेच लावून त्याला शरण आणणे हे तिचे स्वरूप आहे. काळ्या पट्ट्यापर्यंत पोहोचण्यास सर्वसाधारणपणे १० वर्षांच्या आसपासचा काळ लागतो. त्यामुळे गांभीर्याने शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याची अकादमीची निवड ही प्रत्यक्षात एका प्रशिक्षकाशी व एका समूहाशी दीर्घकाळ जोडले जाण्याची निवड ठरते. बहुतेक देशांत अकादमी उघडण्यासाठी सरकारी परीक्षा किंवा परवाना लागत नाही. फ्रान्ससारख्या काही देशांत मात्र मोबदला घेऊन खेळ शिकवण्यासाठी सरकारमान्य पदविका आवश्यक असते. अशा स्थितीत गुणवत्तेची पारख करण्याची जबाबदारी मुख्यतः विद्यार्थ्यावरच येते.

पार्श्वभूमी

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्युदोची संस्था स्थापन केली. तेथे तयार झालेले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले व पुढे बेलेम शहरात स्थायिक झाले. त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी (१९०२–१९९४) यांनी ही विद्या घेतली. ग्रेसी घराण्याची रियो दि जानेरो येथील पहिली अकादमी १९२५ मध्ये सुरू झाल्याचे परंपरेने मानले जाते. कार्लोस यांचे धाकटे बंधू एलियो ग्रेसी (१९१३–२००९) यांनी शक्तीपेक्षा तरफेच्या तत्त्वावर भर देऊन जमिनीवरील डावांचा विकास केला.

ही विद्या केवळ ग्रेसी घराण्यातून पसरली नाही. माएदा यांचे दुसरे शिष्य लुईझ फ्रान्सा यांच्याकडून शिकलेले ओस्वाल्डो फाडा रियोच्या बेंतो रिबेरो या उपनगरात गरीब मुलांना शिकवीत. त्यांच्या शिष्यांचा पायाच्या कोंडीवर विशेष हात होता. तत्कालीन प्रतिष्ठित अकादम्यांत हे डाव ‘उपनगरी’ म्हणून हिणवले जात. पुढे हेच डाव जागतिक स्पर्धांच्या केंद्रस्थानी आले. कोणत्या अकादमीत काय शिकवले जाते व काय कमी लेखले जाते यावर विद्यार्थ्याच्या खेळाची घडण अवलंबून असते, याचे हे जुने उदाहरण आहे.

१९९३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे झालेल्या पहिल्या अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिपमध्ये एलियो यांचे पुत्र रॉयस ग्रेसी विजयी झाले. त्यानंतर ब्राझीलबाहेर या कलेची मागणी झपाट्याने वाढली आणि अनेक ब्राझिलियन प्रशिक्षक अमेरिका, युरोप व जपान येथे गेले. अबू धाबीत २००८ पासून शाळांतून हा खेळ शिकवला जाऊ लागला व तेथेही ब्राझिलियन प्रशिक्षकांची मोठ्या प्रमाणावर नेमणूक झाली.

प्रशिक्षकाची पात्रता

प्रौढांसाठी पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी व काळा असा पट्ट्यांचा क्रम आहे. पट्टा कोणतेही केंद्रीय मंडळ देत नाही. तो प्रशिक्षक देतो. त्यामुळे पट्ट्याचे मोल देणाऱ्याच्या विश्वासार्हतेवर ठरते आणि म्हणूनच प्रशिक्षकाची गुरुपरंपरा विचारण्याची पद्धत या क्षेत्रात रूढ आहे. प्रत्येक काळा पट्टाधारक आपला पट्टा कोणी दिला, त्याला कोणी दिला, अशी साखळी सांगू शकतो. ही माहिती देण्यास टाळाटाळ होणे हे संशयास्पद मानले जाते.

आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाने पट्ट्यांसाठी किमान वय व किमान कालावधी ठरवले आहेत. निळ्या पट्ट्यासाठी किमान वय १६ वर्षे, तपकिरीसाठी १८ व काळ्यासाठी १९ वर्षे आहे. सर्वसाधारण नियमानुसार निळ्या पट्ट्यावर २ वर्षे, जांभळ्यावर दीड वर्ष व तपकिरीवर १ वर्ष घालवावे लागते. या महासंघाच्या नियमांनुसार काळा पट्टा देण्याचा अधिकार किमान द्वितीय श्रेणीच्या काळ्या पट्टाधारकालाच आहे. ठरावीक शुल्क भरून ठरावीक मुदतीत पट्टा मिळेल असे आश्वासन या व्यवस्थेच्या विरुद्ध जाते.

उत्तम खेळाडू हा उत्तम शिक्षक असतोच असे नाही. नामांकित विजेत्याच्या अकादमीत प्रत्यक्ष वर्ग त्याचे सहायक घेत असतात व तो स्वतः स्पर्धा आणि शिबिरांनिमित्त प्रवासात असतो, असेही घडते. त्यामुळे फलकावरील नावापेक्षा दररोजचा वर्ग कोण घेतो हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

सरावाचा समूह

ब्राझिलियन जिउ-जित्सूमध्ये विद्यार्थी डाव प्रशिक्षकाकडून शिकतो, परंतु तो पक्का होतो सोबत्यांशी केलेल्या मुक्त सरावातून. या सरावाला रोलिंग म्हणतात. प्रतिस्पर्धी पूर्ण प्रतिकार करीत असल्याने डाव खरोखर लागतो की नाही हे रोज तपासले जाते. म्हणून मॅटवर कोण कोण आहे, याला प्रशिक्षकाइतकेच महत्त्व आहे. विद्यार्थ्याच्या वजनाचे, त्याच्याहून वरचढ आणि त्याच्याहून नवखे असे तिन्ही प्रकारचे सोबती उपलब्ध असणे उपयुक्त ठरते. वरचढांकडून उणिवा कळतात, तर नवख्यांवर नवे डाव आजमावता येतात.

पट्ट्यांची विभागणीही बोलकी असते. एखादी अकादमी अनेक वर्षे चालू असूनही तेथे जांभळे व तपकिरी पट्टाधारक जवळजवळ नसतील, तर विद्यार्थी टिकत नसावेत किंवा त्यांची प्रगती खुंटत असावी. केवळ तरुण व धडधाकट खेळाडूच शिल्लक राहिले असतील, तर दुखापतींमुळे इतर गळाले असण्याची शक्यता असते. स्त्रिया, वयस्क व हलक्या वजनाचे विद्यार्थी वर्षानुवर्षे टिकून असणे हे काळजीपूर्वक चालणाऱ्या सरावाचे लक्षण मानले जाते.

समूह हा इमारतीशी बांधलेला नसतो. न्यूयॉर्कमधील रेन्झो ग्रेसी अकादमीच्या तळघरात जॉन डॅनाहर यांच्या मार्गदर्शनाखाली गॉर्डन रायन, गॅरी टोनन आदी खेळाडू तयार झाले आणि पायाच्या कोंडीच्या पद्धतशीर अभ्यासासाठी ते तळघर प्रसिद्ध झाले. पुढे हा संघ पोर्तो रिकोला गेला, २०२१ मध्ये त्याची फाटाफूट झाली व त्यातून निर्माण झालेले दोन संघ टेक्सासमधील ऑस्टिन येथे स्थिरावले. न्यूयॉर्कची अकादमी तेथेच राहिली, मात्र ज्या समूहाच्या ओढीने विद्यार्थी येत तो समूह दुसरीकडे गेला.

उद्दिष्टानुसार निवड

महासंघाच्या स्पर्धा मुख्यतः गी, म्हणजे जाड कापडाचा अंगरखा व पट्टा, घालून होतात. त्यांत खाली पाडणे व स्थिती उलटवणे यांना प्रत्येकी २ गुण, प्रतिस्पर्ध्याच्या पायांची फळी ओलांडण्यास ३ गुण आणि छातीवर बैठक किंवा पाठीवर ताबा यांना ४ गुण मिळतात. प्रौढ पांढऱ्या पट्ट्याची लढत ५ मिनिटांची, तर काळ्या पट्ट्याची १० मिनिटांची असते. या महासंघाची पहिली जागतिक स्पर्धा १९९६ मध्ये रियो येथे झाली. १९९८ मध्ये अबू धाबीत सुरू झालेली एडीसीसी स्पर्धा गीविना खेळली जाते व तिचे नियम वेगळे आहेत. गीमध्ये कापडाच्या पकडी निर्णायक असतात, तर गीविना खेळात वेग, कुस्तीचे डाव आणि पायाच्या कोंडी यांना अधिक महत्त्व येते. त्यामुळे अकादमीच्या साप्ताहिक वेळापत्रकात कोणत्या प्रकाराला किती वर्ग दिले आहेत हे पाहावे लागते.

व्यावसायिक स्पर्धकांचे संघ बहुधा दिवसातून दोनदा सराव करतात. नोकरी किंवा शिक्षण सांभाळणाऱ्या व्यक्तीसाठी, ज्या वर्गांना वर्षभर नियमित जाता येईल अशी जवळची मध्यम अकादमी ही क्वचितच गाठता येणाऱ्या दूरच्या नामवंत अकादमीपेक्षा अधिक फलदायी ठरू शकते.

शुल्क देण्याची ऐपत नसलेल्यांसाठीही काही केंद्रे कार्यरत आहेत. साओ पाउलो येथे सिसेरो कोस्टा यांनी चालवलेल्या सामाजिक प्रकल्पातून लिआंद्रो लो तसेच पाउलो व जोआओ मियाओ हे बंधू घडले व जागतिक स्तरावर पोहोचले.

सुरक्षितता

या कलेत शरण आल्याची खूण म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा मॅटवर थाप मारली जाते. थाप पडताच पकड सोडणे हा मूलभूत नियम आहे. गळ्याच्या पेचामुळे मानेतील रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन काही सेकंदांतच शुद्ध हरपू शकते. टाच पिळण्याच्या डावात वेदना जाणवण्यापूर्वीच गुडघ्याचे स्नायुबंध तुटू शकतात. म्हणून महासंघाने हा डाव गीमध्ये पूर्णतः निषिद्ध ठेवला असून गीविना प्रकारात तो केवळ तपकिरी व काळ्या पट्ट्याच्या प्रौढांना मुभा देऊन २०२१ पासून खुला केला. एखाद्या अकादमीत थापेनंतर पकड कितपत तत्परतेने सुटते आणि सोबत्याला वारंवार इजा करणाऱ्यास प्रशिक्षक आवर घालतो का, हे एक-दोन वर्ग पाहिल्यावर लक्षात येते. बहुतेक अकादम्या पहिला वर्ग विनाशुल्क ठेवतात.

शरीराचा निकट संपर्क असल्याने गजकर्ण, जिवाणूजन्य त्वचारोग व नागिणीसारखे विषाणुजन्य संसर्ग पसरण्याचा धोका असतो. मॅट दररोज जंतुनाशकाने पुसणे, नखे कापलेली असणे, धुतलेला पोशाख वापरणे आणि त्वचेवर संसर्ग असलेल्यास सरावापासून दूर ठेवणे हे नियम त्यासाठी पाळले जातात.

प्रशिक्षकाच्या हाती पट्टा, स्पर्धेतील निवड आणि समूहातील स्थान असे तिन्ही अधिकार एकवटलेले असतात. अनेक देशांत प्रशिक्षकांवर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले असून काही प्रकरणांत शिक्षाही झाल्या आहेत. यामुळे मुलांच्या वर्गात पालकांना बसू देणे, प्रशिक्षकांची पार्श्वभूमी तपासणे आणि तक्रार मुख्य प्रशिक्षकाव्यतिरिक्त अन्य व्यक्तीकडे करता येणे या बाबी निवडीचे निकष म्हणून पुढे आल्या आहेत.

करार आणि निष्ठा

अनेक अकादम्या ६ किंवा १२ महिन्यांचा करार करतात. दुखापत झाल्यास सदस्यत्व स्थगित करता येते का, पट्टाप्रदानाचे वेगळे शुल्क आहे का आणि अकादमीचाच पोशाख विकत घेणे बंधनकारक आहे का, हे प्रश्न करारापूर्वी स्पष्ट होणे आवश्यक असते.

इतरत्र सराव करण्यास काही प्रशिक्षक मनाई करतात. संघ सोडणाऱ्यास ब्राझीलमध्ये ‘क्रेओंते’, म्हणजे दगाबाज, म्हटले जाई. हा शब्द कार्लसन ग्रेसी यांनी एका दूरचित्रवाणी मालिकेतील पात्रावरून रूढ केला असे सांगितले जाते. त्यांच्या स्वतःच्या संघातही मतभेद होऊन २००० मध्ये ब्राझिलियन टॉप टीम हा नवा संघ निर्माण झाला. अकादम्यांमधील स्पर्धा तीव्र होती आणि डाव गुप्त ठेवले जात, त्या काळाची ही निष्ठेची कल्पना आहे. चित्रफितींद्वारे डाव सर्वत्र पोहोचू लागल्यावर ती सैल झाली. तरीही अकादमी बदलण्याचे स्वातंत्र्य प्रत्यक्षात कितपत आहे, हे जुन्या विद्यार्थ्यांशी बोलूनच कळते.

महाराष्ट्राच्या संदर्भात

मुंबई व पुणे येथे ब्राझिलियन जिउ-जित्सूचे वर्ग चालतात. तालमीतून आलेल्या मल्लाला प्रतिस्पर्ध्याला पाडणे व पकड राखणे यांत सुरुवातीपासूनच फायदा होतो. मात्र कुस्तीत पाठ टेकली की लढत संपते, तर ब्राझिलियन जिउ-जित्सूत पाठीवर पडलेला खेळाडू पायांची फळी उभारून तेथूनच लढू शकतो. चीतपट न होण्याची मुरलेली सवय त्यामुळे मल्लाला काही अंशी विसरावी लागते. पोट जमिनीकडे वळवून पाठ उघडी टाकल्यास गळ्याचा पेच बसतो. अशा विद्यार्थ्यासाठी पाठीवरचा खेळ धीराने व टप्प्याटप्प्याने शिकवणारी अकादमी अधिक उपयुक्त ठरते.

हे सुद्धा पहा

ज्युदो
कुस्ती
मिश्र मार्शल आर्ट्स