मोटारबोटीतील वातानुकूलन

मे महिन्याच्या दुपारी बंदरात नांगरलेल्या मोटारबोटीच्या केबिनमध्ये उतरणाऱ्या मनुष्यास भट्टीत शिरल्याचा भास होतो. वरून सूर्य डेक तापवीत असतो, काचांतून ऊन आत येते, आणि नुकतेच बंद केलेले एंजिन आपल्या अंगची उष्णता पुढे कितीतरी वेळ सोडीत राहते. भोवताली पाणीच पाणी असल्यामुळे हवा दमट. घाम वाळतच नाही. अशा जागी गारवा आणणारे यंत्र बसविणे आज अवघड राहिलेले नाही. परंतु घरातील खोलीचे नियम नौकेस जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

वातानुकूलन यंत्र उष्णता एका जागेहून उचलते व दुसऱ्या जागी नेऊन टाकते, एवढेच त्याचे कार्य. प्रशीतक नावाचा द्रव केबिनमधील नळ्यांच्या वेटोळ्यात उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता तेथील हवेतून घेतो. संपीडक ही वाफ दाबून अधिक तप्त करतो. संघनकात ती आपली उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रवरूप होते. मग अरुंद वाटेने जाताना तिचा दाब उतरतो व चक्र पुन्हा सुरू होते. घरातील यंत्र ही उष्णता बाहेरच्या हवेस देते. नौकेवर ती समुद्रास देणे सोयीचे, कारण सारख्याच आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे ३,५०० पट उष्णता सामावून घेते. त्यामुळे संघनक लहान होऊन बाकाखाली मावतो. केरळात वेंबनाड सरोवरावरील प्रवासी नौकांवर घरगुती यंत्रेही आढळतात. पण त्या नौका प्रशस्त असून खाऱ्या लाटांचा मारा त्यांना सोसावा लागत नाही. समुद्रावर घरगुती यंत्राची पातळ पाती खाऱ्या तुषारांनी लवकर झिजतात.

यंत्र केवढे घ्यावे? त्याची शक्ती टनांत मोजतात. हे माप एक टन बर्फ २४ तासांत वितळविण्यास लागणाऱ्या उष्णतेवरून आलेले असून, एक टन म्हणजे ताशी १२,००० ब्रिटिश उष्णता एकके, अर्थात सुमारे साडेतीन किलोवॅट. उष्ण प्रदेशांसाठी एक ठोकताळा प्रचलित आहे: डेकखालच्या केबिनला दर चौरस फुटास ताशी ६० एकके, तर डेकवरील काचांच्या दालनास त्याच्या दुप्पट, म्हणजे १२०. ह्या हिशेबाने ८० चौरस फुटांच्या खालच्या केबिनला ४,८०० एकके पुरतात. १०० चौरस फुटांच्या वरच्या दालनास मात्र पुरा एक टन लागतो. काचांवर कापडी छत ताणले, तर हा आकडा खाली येतो, आणि कापड यंत्रापेक्षा स्वस्त असते.

पुष्कळ खरेदीदार सुरक्षितता म्हणून गरजेपेक्षा मोठे यंत्र घेतात. ही चूक होय. मोठे यंत्र केबिन काही मिनिटांत थंड करून थांबते. हवेतील बाष्प वेटोळ्यावर जमून गळून जाण्यास अवधीच मिळत नाही. मग हवा थंड पण ओलसर राहते, आणि गाद्यांना बुरशी धरते. विलिस कॅरिअर ह्या अमेरिकन अभियंत्याने १९०२ मध्ये ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी आपली पहिली योजना आखली, तीही हवेतील दमटपणा आवरण्यासाठीच.

आता पाण्याची वाट. नौकेच्या तळाशी, पाण्याच्या पातळीखाली एक छिद्र पाडून त्यावर पितळी किंवा कांशाची झडप बसवितात. तेथून पाणी गाळणीत, गाळणीतून पंपात, पंपातून संघनकात आणि शेवटी बाजूच्या तोंडाने पुन्हा समुद्रात जाते. हा क्रम बदलता येत नाही. साधारणतः वापरला जाणारा पंप स्वतः पाणी ओढून घेऊ शकत नाही. म्हणून तो जलपातळीच्या खालीच हवा. रबरी नळीही झडपेपासून संघनकापर्यंत सतत चढती ठेवावी. मध्येच उंचवटा राहिला तर तेथे हवा अडकते, प्रवाह खुंटतो आणि दाब वाढून यंत्र आपोआप बंद पडते. पुष्कळदा बिघडलेले म्हणून दुरुस्तीस गेलेले यंत्र निर्दोष निघते. दोष नळीच्या एका वाकात असतो, किंवा प्लास्टिकच्या पिशवीने भरलेल्या गाळणीत. एक टनाचे यंत्र सव्वा किलोवॅट वीज घेत असेल, तर समुद्रास सुमारे पावणेपाच किलोवॅट उष्णता द्यावी लागते. मिनिटाला १२ लिटर पाणी वाहत असेल, तर ते सुमारे ६ अंशांनी तापून बाहेर पडते. प्रवाह निम्मा झाला, की तापमानातील ही वाढ दुप्पट होते. जलपातळीखालची नळी निसटली तर नौका बुडू शकते. म्हणून प्रत्येक सांध्यास दोन पट्ट्या आवळतात, आणि नौका सोडून जाताना झडप बंद करतात.

पाण्याहून हवेची वाट अधिक जोखमीची आहे. एंजिनाच्या व जनित्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हीमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्टपणे जखडला जातो. बंद केबिनमध्ये झोपलेल्या माणसांस त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून केबिनची हवा ओढून घेणारे यंत्र एंजिनाच्या खोलीत कधीही बसवू नये. संपीडक व संघनक वेगळे असलेल्या रचनेत केवळ तेच दोन भाग तेथे ठेवता येतात. वेटोळ्यावर जमलेले पाणी वाहून नेणारी बारीक नळी निरुपद्रवी दिसते. पण तिचे तोंड एंजिनाच्या खोलीत किंवा धुराच्या तोंडाजवळ असले, तर पंखा त्याच नळीने धूर आत ओढू शकतो. शेजारी नांगरलेल्या नौकेचा धूरही आत येतो. झोपण्याच्या प्रत्येक केबिनमध्ये ह्या वायूची सूचना देणारे उपकरण असावे.

विजेसंबंधी दोन गोष्टी. संपीडक सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट विद्युत्प्रवाह घेतो. दोन यंत्रे असल्यास ती एकामागून एक सुरू करावी, नाहीतर जनित्र दबून जाते. अमेरिकेहून आणलेल्या नौकांतील यंत्रे ६० आवर्तनांच्या विजेसाठी बांधलेली असतात. भारतात ५० आवर्तने असल्याने तशा साध्या मोटारीची गती सुमारे सहाव्या हिश्श्याने उतरते व गारवाही घटतो. शिवाय दाबही जुळवून न घेतल्यास मोटार जळू शकते.

बसवून झाल्यावर तपासणी सोपी आहे. बाहेर पडणारी धार अखंड असावी. आत शिरणारी व बाहेर येणारी हवा यांच्या तापमानांत ८ ते ११ अंशांचे अंतर पडावे. गढूळ बंदरांत गाळणी आठवड्यातून एकदा तरी उघडून पाहावी. धार बारीक झालेली दिसली, तर मात्र त्याच क्षणी यंत्र थांबवून ती उघडावी.