कृष्णकमळाचं पान कोणी खावं?

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गेल्या वर्षी जूनमध्ये गॅलरीत कृष्णकमळ लावलं. बहिणीच्या अंगणातल्या वेलाची तीन-चार पेरांची फांदी आणली, कुंडीत खोचली आणि गणपतीपर्यंत अख्खं ग्रिल हिरवंगार झालं. सप्टेंबरात त्यांचा निरोप आला. 'वेल नुसता माजलाय, फुलाचं नाव नाही. त्यात आता काटेरी अळ्या पडल्यात. कुठलं औषध मारू? आणि हो, याच्या पानांचा चहा घेतला की शांत झोप लागते म्हणे, मोबाइलवर वाचलं. अळ्यांनी संपवायच्या आत पानं सुकवून ठेवू का?'

शेवटचा प्रश्न वाचला आणि मी उत्तर टाइप करत न बसता थेट जिना चढलो.

चहाच्या गोष्टीत तथ्य अजिबात नाही असं नाही. पण ते तथ्य काकूंच्या वेलाला लागू पडतं का, हा खरा प्रश्न आहे. 'कृष्णकमळ' हे नाव आपलं, झाड मात्र पाहुणं आहे. कमळाशी त्याचं नातं नाही आणि या कुळातल्या बहुतेक वेलींचं माहेर अमेरिका खंडातलं. जांभळ्या तंतूंचं वर्तुळ म्हणजे शंभर कौरव, त्यावरचे पाच पुंकेसर म्हणजे पांडव आणि सर्वांत वरच्या तीन कुक्षी म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश, ही मोजदाद आपल्यापैकी अनेकांना लहानपणी कुणीतरी करून दाखवलेली असते. गंमत अशी, की अमेरिकेत गेलेल्या स्पॅनिश धर्मोपदेशकांनीही हेच पाच आणि हेच तीन मोजले आणि त्यांना त्यात ख्रिस्ताच्या पाच जखमा आणि क्रुसाचे तीन खिळे दिसले. 'पॅशनफ्लॉवर'मधलं पॅशन म्हणजे या यातना, प्रेमाबिमाशी त्याचा संबंध नाही.

या पॅसिफ्लोरा प्रजातीत पाचशेहून जास्त जाती आहेत. त्यात माणसाने केलेले संकर वेगळेच. आपल्याकडे निळसर, जांभळं, लाल असं जे जे काही या घाटाचं फूल येतं ते सगळं रोपवाटिकेत कृष्णकमळ म्हणूनच विकलं जातं. झोपेसाठी ज्याचा उल्लेख होतो ती जात एकच, पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा, मूळची अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतल्या आग्नेय भागातली. बागांमध्ये हौसेने लावली जाणारी निळसर फुलांची पॅसिफ्लोरा सेरुलिया वेगळी आणि ज्याचं आंबटगोड सरबत होतं ते पॅशन फ्रूट, म्हणजे पॅसिफ्लोरा एड्युलिस, आणखी वेगळं. फूल नसताना नुसत्या पानावरून ही मंडळी वेगळी ओळखणं जाणकारालाही अवघड जातं. काकूंच्या वेलाला तर अजून फूलच आलेलं नव्हतं.

नावाचा हा घोळ महत्त्वाचा का, तर यातल्या अनेक जातींच्या पानांत सायनाइड तयार करणारी संयुगं असतात. पान अख्खं असेपर्यंत ती निमूट असतात. ते चावलं, चुरगळलं, की पेशींच्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेलं संयुग आणि विकर एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटू लागतं. ही युक्ती आपल्याला अपरिचित नाही. साबुदाणा ज्या कंदापासून करतात त्या कसाव्यातही हेच रसायन असतं, म्हणून तो कंद किसून, धुऊन, तापवून मगच खाण्याजोगा होतो. पाण्याच्या ताणावरची कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात, त्यामागेही हेच. कृष्णकमळाच्या कुठल्या जातीत, कुठल्या पानात हे प्रमाण किती, ते बदलत राहतं. स्वयंपाकघरात ते मोजायची सोय नाही.

इन्कार्नाटाच्या बाबतीत तरी पुरावा काय आहे? २००१ साली इराणमध्ये चिंताविकाराच्या ३६ रुग्णांवर चार आठवड्यांचा एक अभ्यास झाला. तिचा अर्क ऑक्साझेपाम या औषधाच्या जवळपास उतरला, पण अभ्यास लहान होता. २०११ साली ऑस्ट्रेलियात ४१ निरोगी तरुण-तरुणींनी आठवडाभर तिचा चहा घेतला. झोप थोडी बरी लागली, असं त्यांनी स्वतः नोंदवलं. आजारी माणसांबद्दल त्यातून फारसं काही सांगता येत नाही. युरोपीय औषध संस्था ही वनस्पती सौम्य ताण आणि झोपेसाठी मान्य करते, मात्र 'पारंपरिक वापर' या सदरात, म्हणजे दीर्घकाळ वापरात आहे म्हणून, चाचण्यांनी सिद्ध झालं म्हणून नव्हे. तिने गुंगी येऊ शकते, त्यामुळे झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या चालू असतील तर परिणामात भर पडते. गरोदरपणात ती टाळायला सांगतात. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आपण हे घेत होतो हे सांगायलाच हवं. काकू रात्री अर्धी गोळी घेतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. डॉक्टरांना चहाबद्दल सांगणार होतात का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "पानांचा चहा तो, त्यात काय सांगायचं?"

आणि यात अळ्यांसाठी फवारलेल्या औषधाची भर पडली असती.

आता अळ्यांविषयी. तपकिरी-लालसर, अंगभर फाटे फुटलेले काटे असलेल्या या अळ्या टॉनी कोस्टर या फुलपाखराच्या. नारिंगी पंखांवर काळे ठिपके असलेलं, संथ उडणारं हे फुलपाखरू तुम्ही नक्की पाहिलेलं असणार. ज्या पानांपासून आपण लांब राहायचं, त्यांच्यावरच ही अळी पोसते. मोठेपणी फुलपाखरू पक्ष्यांना इतकं बेचव लागतं की त्याला घाईने उडायची गरजच पडत नाही. पकडलं तर ते पिवळसर, उग्र द्रव सोडतं.

वेलही काही गरीब गाय नाही. पानांच्या देठावर बारीक गाठी दिसतात ना, त्यांतून गोड रस पाझरतो. त्यासाठी मुंग्या येतात आणि बोलावल्यासारख्या राखण करतात, अळ्या-अंड्यांना त्रास देतात. त्यामुळे कृष्णकमळावर मुंग्या दिसल्या म्हणून लगेच खडूची रेघ ओढू नका. फक्त शेंड्याला मावा किंवा पिठ्या ढेकूण नाहीत ना ते बघा, कारण मुंग्या त्यांच्याहीसाठी येतात. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही जातींनी तर कमालच केली आहे. तिथली हेलिकोनियस फुलपाखरं आधीच अंडी असलेल्या पानावर सहसा अंडी घालत नाहीत, कारण आधी जन्मलेली अळी नंतरचीला खाऊन टाकते. या वेलींच्या पानांवर हुबेहूब अंड्यांसारखे पिवळे उंचवटे येतात. १९८१ साली विल्यम्स आणि गिल्बर्ट या दोन अभ्यासकांनी प्रयोगाने दाखवलं की अशा खोट्या अंड्यांना माद्या खरोखर फसतात.

वेल जुना आणि दणकट असेल तर अळ्यांनी पानं खाल्ली तरी पुन्हा पालवी फुटते. रोप लहान असेल तर अळीसकट पान तोडून दुसऱ्या, मोठ्या वेलावर नेऊन ठेवायचं. कीटकनाशकाची गरज मला तरी दिसत नाही.

राहिला फुलांचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर काकूंच्या हातातच होतं. दर आठवड्याला युरियाचं पाणी! नत्र जास्त झालं की वेल पानांमागे लागतो. युरिया बंद करून पालाश जास्त असलेलं खत महिन्यातून एकदा, तेही थोडं, पुरतं. दुसरी अडचण उन्हाची. या वेलाला पाच-सहा तासांचं थेट ऊन लागतं आणि काकूंची कुंडी होती वॉशिंग मशिनच्या आडोशाला. पाण्याचा निचरा चांगला हवा, कारण कुंडीत पाणी साचलं की मुळं कुजतात. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवा. आणखी एक, फुलं नव्या फुटव्यावर येतात. म्हणून थंडी ओसरली की फेब्रुवारीत वेल निम्म्यापर्यंत छाटायचा. छाटताना तणावे, म्हणजे ते स्प्रिंगसारखे गुंडाळलेले धागे, सोडवत बसू नका, सरळ कापा. चार्ल्स डार्विनने १८६५ साली वेलींवर लिहिलं तेव्हा पॅसिफ्लोराच्या एका जातीचं त्याला विशेष कौतुक वाटलं होतं. तिच्या तणाव्याला नुसता स्पर्श केला की अर्ध्या मिनिटाच्या आत तो वाकू लागे.

फूल आलं तरी फळ धरेलच असं नाही. अनेक जातींना स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या रोपाचा लागतो, आणि तो वाहून नेतो तो काळा, गुबगुबीत भुंगा. ब्राझीलमध्ये पॅशन फ्रूटच्या मळ्यांत माणसं हाताच्या बोटांनी परागण करत फिरतात.

काकूंनी कुंडी उन्हात सरकवली. फवारणी केली नाही. ऑक्टोबरात ग्रिलच्या गजाला एक पांढुरका, काळ्या रेघांचा, नारिंगी ठिपक्यांचा कोष लटकला होता. त्या कोपऱ्यात त्यांनी आठ-दहा दिवस कपडे वाळत घातले नाहीत. झोपेसाठी त्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या, संध्याकाळचा पाच वाजताचा चहा बंद झाला आणि गोळीचं काय करायचं ते आता डॉक्टर ठरवतात. फेब्रुवारीत छाटणी झाली. एप्रिलमध्ये एका सकाळी पहिलं फूल उमललं, तसा मला वरून आवाज आला. फूल एका दिवसाचंच, म्हणून मी चप्पल न घालताच वर गेलो. काकू चष्मा लावून कौरव मोजत होत्या, सत्तरच्या पुढे दोनदा चुकल्या. पांडव मात्र पाचच भरले.