परसातली कोंबडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गावाकडे दारात चार-पाच कोंबड्या असणं नवं नाही. आता शहरालगतच्या बंगल्यांत आणि शेतघरांतही लोक हौसेनं कोंबड्या आणतात. त्यांच्यासोबत एक जुनी समजूतही घरात येते: कोंबडी आपलं आपण बघते. देशी कोंबडी काटक असते, हे खरंच. पण तिची प्रत्येक रात्र आपण बांधलेल्या खुराड्यात जाते आणि तिथं तिला काय सोसावं लागतं, हे आपल्या हातात असतं.

गैरसमज: कोंबडा नसेल तर कोंबडी अंडी घालत नाही.

वस्तुस्थिती: वयात आलेली कोंबडी कोंबड्याशिवायही अंडी घालते. कोंबडा हवा तो पिल्लांसाठी. फलित अंडं उबवलं की साधारण २१ दिवसांनी पिल्लू बाहेर येतं. फक्त अंडी हवी असतील तर कोंबडा पाळायची गरज नाही. दाटीच्या वस्तीत पहाटेच्या आरवण्यावरून भांडणंही होत नाहीत.

गैरसमज: गारठा लागू नये म्हणून खुराडं चारी बाजूंनी बंद हवं.

वस्तुस्थिती: अंगभर पिसं असलेली मोठी कोंबडी आपल्याकडची थंडी सहज सोसते. तिला बाधते ती ओल आणि कोंडलेली हवा. ओल्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया डोळ्यांना आणि श्वासनलिकेला झोंबतो. ओलसर जमिनीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात.

म्हणून छपराखाली, कोंबड्या बसतात त्याच्या वर, हवेला वाट ठेवावी आणि तिला अर्ध्या इंचाची मजबूत जाळी लावावी. मुंगूस, घूस, साप यांना मोठ्या भोकांची जाळी अडवत नाही. जास्त पावसाच्या भागात खुराड्याचा तळ जमिनीपासून फूटभर उंच हवा. आत दर कोंबडीमागे निदान दोन चौरस फूट जागा, रात्री बसायला गुळगुळीत दांडी आणि चार-पाच जणींत अंडी घालायला एक आडोशाची टोपली पुरते.

तळाला दोन-तीन इंच भाताचं तूस पसरावं आणि ते अधूनमधून खालीवर करावं. मूठभर तूस दाबून पाहा. मूठ उघडल्यावर ते मोकळं झालं तर ठीक. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, तूस बदलायला हवं.

गैरसमज: कोंबडी चरून पोट भरते, वर बुरशी लागलेलं धान्यही चालतं.

वस्तुस्थिती: बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष कोंबडीचं यकृत निकामी करतं. जे धान्य आपण खाणार नाही, ते तिलाही घालू नये. चरण्यातून किडे आणि हिरवा पाला मिळतो, पण अंड्यावर आलेल्या कोंबडीला मका, ज्वारी, तांदळाची कणी आणि प्रथिनांसाठी सोयाबीन पेंड लागते. अंड्याचं कवच बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. खाण्यातून कॅल्शियम पुरलं नाही तर ते तिच्या हाडांतून जातं. शिंपल्यांचा चुरा किंवा वाळवून बारीक कुटलेली अंड्याची टरफलं वेगळ्या वाटीत ठेवावीत. उन्हाळ्यात पाणी सावलीत, गार आणि भरपूर हवं. कोंबडीला घाम येत नाही; मुख्यतः चोच उघडून धापा टाकून ती अंग गार करते.

गैरसमज: मातीत लोळते म्हणजे घाणेरडी, तिला धुवून काढावं.

वस्तुस्थिती: कोरड्या मातीत लोळणं हीच तिची अंघोळ. बारीक माती पिसांत शिरते आणि उवा कमी होतात. पावसाळ्यात माती भिजते, तेव्हा कोरडी माती आणि चुलीची थंड राख घातलेलं एक घमेलं छपराखाली ठेवावं.

गैरसमज: अंडी थांबली म्हणजे कोंबडी कामातून गेली.

वस्तुस्थिती: पिसं गळण्याच्या काळात आणि दिवस लहान झाले की अंडी कमी होतात. खुडूक बसलेली कोंबडी तर अंडी देतच नाही. पिसं फुलवून ती टोपलीत बसून राहते, हात नेला की चोच मारते. तो आजार नव्हे. पिल्लं नको असतील तर तिला काही दिवस तळालाही जाळी असलेल्या हवेशीर पिंजऱ्यात, दाणापाणी देऊन ठेवावं. नाकात पीस खुपसणं किंवा पाण्यात बुचकळणं हा निव्वळ छळ आहे.

गैरसमज: दरवर्षी मर येतेच, देशीला लस कशाला?

वस्तुस्थिती: ही ‘मर’ अनेकदा मानमोडी, म्हणजे रानीखेत असते. हिरवट हगवण, लुळे पंख, वाकडी मान ही तिची लक्षणं. हा रोग विषाणूचा आहे आणि त्यावर औषध नाही. देशी कोंबडीलाही तो होतो. बचाव एकच, लसीकरण: पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, मग साधारण आठव्या आठवड्यात आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. लस बर्फात ठेवूनच आणावी लागते आणि एका कुपीत अनेक पक्ष्यांचे डोस असतात. म्हणून शेजारच्या चार घरांनी मिळून ती आणावी आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं एकाच दिवशी सगळ्यांच्या कोंबड्यांना द्यावी. साथ एका खुराड्यातून दुसऱ्यात जाते, तेव्हा शेजाऱ्याची कोंबडी वाचवणं म्हणजे आपलीही वाचवणं.